अण्णांची गाडी माझ्या ताब्यात

३० मार्च २०२५, रविवार. गुढीपाडवा

आजपासून रोजनिशी. रिटायर होऊन तीन महिने झाले, पण माझ्या योग्यतेचं काम समोर येत नव्हतं. आज आलं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांची एमजी माझ्या हवाली केली. ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दोन सीटा, हिरवा रंग, टप मागे दुमडतो. शुभदा रांगत होती तेव्हा त्यांनी ती एका पारशी डॉक्टरकडून घेतली. मॉडेल सदुसष्टचं. मीही सदुसष्टचाच. मी रिटायर, ती अजून चालू.

नौपाड्याचा बंगला रिडेव्हलपमेंटला चाललाय, गॅरेज पडणार. गाडी कुठे ठेवायची यावर चर्चा चालू असताना शुभदानेच सांगून टाकलं की आमच्या ह्यांच्याकडे द्या, हे छान तयार करतील. बायकोने माहेरी माझं इतकं मोकळं कौतुक केल्याचं लग्नानंतर प्रथमच ऐकलं. कान तृप्त झाले.

किल्ली देताना अण्णा जरा रेंगाळले. येत्या रथसप्तमीला त्यांचं सहस्रचंद्रदर्शन. म्हणाले, केदारराव, हॉलवर मी माझ्या गाडीतून येणार आणि मीच चालवणार. मी म्हटलं, अण्णा, शोरूममधून काढल्यासारखी करून देतो.

डोंबिवलीला घरापर्यंत मीच चालवली. झकास पळाली. शीळफाट्याला सिग्नलवर एका बाइकवाल्याने फोटो काढला. तिथेच शेजारी बसलेल्या शुभदाला कसला तरी आवाज ऐकू आला. मला आला नव्हता, पण ती म्हणाल्यावर आला. टक टक. बारीक. उघडून बघावं लागेल.

पुढच्या मडगार्डला ताजा पोचा आहे. अण्णा म्हणाले, गेटचा खांब पुढे सरकलाय. जुनी बांधकामं अशीच खचतात.

६ एप्रिल, रविवार

बॉनेट उघडलं. आवाज आतूनच आहे हे निश्चित.

काम सिस्टिमने करायचं. एकतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये क्वालिटी कंट्रोलला काढली आहेत. पार्ट काढायचा, पुसायचा, लेबल लावायचं, ठरल्या जागी ठेवायचा. मेकॅनिक बोलवायचा नाही. मेकॅनिक फक्त बिघडलेलं काढतो. त्याला गाडीचा एकंदर विचार नसतो.

वॉचमन विश्राम पार्किंगमध्ये येऊन बघून गेला. गाडी एमजी आहे म्हटल्यावर म्हणाला, ती काय ओ साहेब, जाहिरातीत असता ती मोठी? मग ही बारकी कशी? त्याला इतिहास सांगितला. मग विचारतो, चालू गाडी कशाला उघडली. मी परत बॉनेटखाली डोकं घातलं.

२० एप्रिल

रेडिएटर, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर बाहेर. चाकं बाल्कनीत. सीटा हॉलमध्ये. उर्वी (कन्या) म्हणते, पप्पा, सोफ्यापेक्षा ह्याच बऱ्या, राहू द्या. शुभदा एका शब्दाने बोलली नाही. उलट खाली चहा आणून दिला. सोबत कांदाभजी. समोरच्या ब्लॉकमधला आनंद नुसती ड्रिल मशीन घेऊन आला तर त्याच्या घरात आठवडाभर अबोला होता. मी नशीबवान.

१ मे. महाराष्ट्र दिन

आज इंजिन बाहेर काढायचा संकल्प. पार्किंगच्या बीमला चेन-पुली लावली. सेक्रेटरींनी हरकत घेतली. म्हणाले, बिल्डिंग पडेल. मी लोडचं कॅल्क्युलेशन दाखवलं. म्हणाले, ते ठीक आहे, पण तुमच्यावर भरवसा नाही. शिक्षणाचा आदर राहिलेला नाही.

२ मे

इंजिन बाहेर. बिल्डिंग जागेवर. टक टक आवाजाचं कारण दिसलं नाही. इंजिनही उघडावं लागणार.

१३ जुलै

मध्यंतरी लिहायला जमलं नाही. कामाचा व्याप.

गाडी आता शंभर टक्के सुटी झाली आहे. म्हणजे काम निम्मं संपलं. यूट्यूबवर एक इंग्रज म्हातारा आहे, तो शेवटी सांगतो, काढलं त्याच्या उलट क्रमाने जोडायचं. इतकं सोपं आहे. फक्त कुठल्या क्रमाने काढलं तेवढं आठवायला हवं.

अण्णांचा रविवारचा फोन. कुठवर आलं, विचारतात. मी सांगितलं, जोडणीच्या टप्प्यावर. मग त्यांनी परत ती लोणावळ्याची गोष्ट सांगितली. सासूबाई शेजारी, टप उघडा, घाटात धुकं, आणि सासूबाईंच्या मांडीवर डब्यात गोडाचा शिरा. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली. गोष्ट सांगता सांगता म्हणाले, ती सीट नीट ठेवलीये ना? मी म्हटलं, अगदी हॉलमध्ये ठेवलीये. रथसप्तमी म्हणजे रथसप्तमी.

१० ऑगस्ट

नवीन टाइमटेबल. गणपतीआधी इंजिन जोडून. विसर्जनाआधी गाडीत. दसऱ्याला रस्त्यावर. शुभदाला दाखवलं. म्हणाली, छान आहे, पण घाई करू नका हं. माझी किती काळजी.

७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. इंजिन गाडीत गेलेलं नाही, कारण गणपतीत मनुष्यबळ मिळत नाही. इंजिन मात्र जोडून पूर्ण. काही बोल्ट उरले. एक वाटीभर. ब्रिटिश लोक बोल्ट फार सढळ हाताने वापरत असं माझं मत झालं आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

अण्णा पूजेला आले. शुभदा स्वतः जाऊन रिक्षाने घेऊन आली. मी म्हटलं होतं, येतील की एकटे, ठाणं काय लांब आहे. तिने ऐकलं नाही.

पहिला प्रश्न, हळद-कुंकू कशाला वाहायचं. इंजिन लाकडी ठोकळ्यांवर, बॉडी जॅकवर, बॉनेट भिंतीला टेकलेलं. शुभदाने तिन्ही ठिकाणी वाहिलं. चाकाखाली लिंबू ठेवायचं तर चाकं बाल्कनीत. उर्वी पळत वर जाऊन बाल्कनीत लिंबू ठेवून आली. अण्णांनी झेंडूचा हार बाजूच्या पाण्याच्या निळ्या पिंपाला घातला आणि त्यालाच हात जोडले. वय झालं की माणूस सर्वांभूती परमेश्वर पाहतो.

मग म्हणाले, आवाज मात्र पूर्ण गेला हं, केदारराव.

इतक्या महिन्यांत कोणीतरी रिझल्टबद्दल बोललं. बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर

लहान पार्ट्सचा प्रश्न होता. कागदाच्या पुड्या फाटतात, लेबलं पुसतात. आज कपाटात शुभदाने संक्रांतीच्या वाणाला आणून ठेवलेल्या स्टीलच्या डब्या सापडल्या. एकसारख्या, झाकण घट्ट. सिस्टिमला हेच हवं होतं. निम्म्या घेतल्या. कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटरचे सगळे बारीक पार्ट त्यात भरले, लेबलं चिकटवली, खोका परत कपाटात. शुभदा म्हणाली, अहो, वाणाच्या आहेत त्या. मी म्हटलं, संक्रांतीच्या आधी रिकाम्या करून देतो.

७ डिसेंबर, रविवार

आज खरं लिहितो, कोण वाचतंय.

इंजिन गाडीत बसवलं. बसलं. पण गिअरबॉक्स बाहेरच राहिला. तो आधी जोडून मग दोन्ही एकत्र घालायचे असतात, असं त्या यूट्यूबच्या म्हाताऱ्याने दुसऱ्याच व्हिडिओत सांगितलंय.

तेवढ्यात अण्णांचा फोन. त्यांनी ट्रंकेतून चामड्याचे हातमोजे काढलेत. गाडी चालवताना घालायचे. ब्राह्मण सभेतल्या मित्रांना सांगून ठेवलंय की हॉलच्या दारात उभे राहा. मी म्हटलं, हो अण्णा. फोन ठेवल्यावर जिन्यातच बसून राहिलो. आपल्याच्याने हे होणार नाही असा एक विचार मनात आला. पहिल्यांदाच आला.

मग मार्ग सुचला. देखरेख माझी, हात दुसऱ्याचे. याला आउटसोर्सिंग म्हणतात.

१४ डिसेंबर

वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपचा मितेश येऊन बघून गेला. जुन्या गाड्यांचाच धंदा आहे त्याचा. मला वाटलं नावं ठेवेल. त्याने फक्त दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि म्हणाला, काका, एकदम खोलून टाकलेली है. पण टेन्शन नाय घ्यायचं. माल सगळा इथंच पडलाय ना? मग झालं. संक्रांतीपर्यंत पोरं बिझी आहेत, सतराला टेम्पो पाठवतो, आठवड्यात गाडी तुमच्या दारात. फक्त पार्ट एकपण मिसिंग नको. ह्याचे पार्ट इकडे भेटत नाय.

मी म्हटलं, बाबा रे, माझ्याकडे सिस्टिम आहे.

शुभदाला आनंदाची बातमी दिली. तिच्या हातातून आमटीची पळी पडली. मग विचारत राहिली. नक्की चालू होईल? रस्त्यावर येईल? अण्णांना चालवता येईल? मी म्हटलं, शंभर टक्के, मितेश करतोय. तर म्हणाली, बाहेरच्या माणसाच्या हातात कशाला देता, तुम्हीच करा ना. मी जरा भावुक झालो. पण ठाम राहिलो.

१४ जानेवारी २०२६, बुधवार. संक्रांत

अण्णांना तिळगूळ द्यायला ठाण्याला गेलेलो. त्यांनी मला बघून म्हटलं, या हो, विश्वनाथ. विश्वनाथ हे त्यांचे शेजारी, वारले ते. मी हाक मारल्यावर ओळखलं. उजेडाचा दोष. त्यांच्या खोलीतली ट्यूब बदलून द्यायला हवी.

हातमोजे घालून दाखवले. पुढे हात धरून स्टिअरिंग फिरवल्यासारखं केलं. शुभदा स्वयंपाकघरात निघून गेली. आज फार हळवी झाली होती.

१६ जानेवारी, शुक्रवार

घरी हळदीकुंकू. पुरुषांना घरात जागा नाही. खाली पार्किंगमध्ये विश्रामशेजारी बसून टेम्पोत काय कुठे ठेवायचं याचा नकाशा काढला. वरून बायका हसत उतरत होत्या. प्रत्येकीच्या हातात स्टीलची डबी. छान वाटत होतं बघून.

१७ जानेवारी, शनिवार

डब्या नाहीत.

नीट लिहितो. टेम्पो दहाला आला. बॉडी, गिअरबॉक्स, चाकं, सीटा, सगळं विश्रामने आणि मितेशच्या पोरांनी चढवलं. मी कपाटातला खोका आणायला वर गेलो. खोका रिकामा. काल वाण म्हणून सगळ्या डब्या वाटल्या. भरलेल्यासुद्धा. वाटायला मेहुणी हेमा बसली होती. तिला वाटलं शुभदाने हौसेने आत काहीतरी घातलंय. बायका तर खूश झाल्या, म्हणे यंदाचं वाण जड आहे.

माझी लेबलं कचऱ्याच्या डब्यात सापडली. सगळी. गोंद निकृष्ट असणार. आता यापुढे चांगल्या कंपनीचा गोंद.

मितेशला सांगितलं. त्याला आधी समजेना. मग म्हणाला, मतलब कार्ब्युरेटर सोसायटीत वाटला? काका, पूर्ण लाइफमध्ये ऐकलं नाय असं. पार्टशिवाय घेऊन जाऊन उपयोग नाही म्हणाला. इंग्लंडहून मागवायला बरेच आठवडे. पोरांनी सगळं परत उतरवलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. हे मला आवडलं नाही.

हेमाच्या चुकीचं शुभदालाही वाईट वाटलंय. तिला म्हटलं, काळजी करू नको, दोन दिवसांत डब्या गोळा करतो.

१८ जानेवारी

मोहीम सुरू. पहिल्या तीन घरांत पहिलंच वाक्य, अहो भावजी, वाण कधी कोणी परत मागतं का? तिसरीच्या सासूबाईंनी तर शुभदाच्या सौभाग्याचा विषय काढला. म्हणजे माझाच.

मी म्हटलं, डबी ठेवा, आतलं द्या. तर आतलंही वाणच, म्हणे.

२० जानेवारी

कामवाल्या रंगूबाईंनी आपणहून एक पार्ट आणून दिला. डबीत त्यांनी मशेरी भरली. स्प्रिंग कागदात बांधून आणली, म्हणाल्या, दादा, ह्यो काय दागिना व्हय?

पहिला विजय. कार्ब्युरेटरची स्प्रिंग. कुठल्या बाजूची ते लेबलवर होतं.

२१ जानेवारी

नवीन अडचण. हळदीकुंकवाचा सीझन रथसप्तमीपर्यंत. बायकांनी माझ्याकडच्या डब्या आपल्या घरच्या हळदीकुंकवात पुढे वाटल्या. म्हणजे माझा डिस्ट्रिब्युटर फिरता आहे. एक डबी कोपरला गेली होती. स्कूटरवरून कोपरला गेलो. तिथून ती कालच शीळफाट्याला नणंदेकडे गेली. शीळफाट्याला गेलो. नणंदबाई कल्याणला माहेरी, डबी घेऊन.

पुण्याला एक गेली आहे असं कळलं.

२३ जानेवारी

तिसऱ्या मजल्यावरच्या शिवानीकडे पितळेचा एक नॉब सापडला. म्हणजे दिसला. तिच्या सासूबाईंनी तो देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या शेजारी ठेवलाय. हळद-कुंकू वाहिलंय, रोज फूल असतं. मागायची हिंमत झाली नाही. मीही नमस्कार केला.

एकूण परिस्थिती, स्प्रिंग एक.

२४ जानेवारी, शनिवार

उद्या रथसप्तमी. आज अण्णांना फोन करून खरं सांगायचं ठरवलं होतं. नंबर लावला, कट केला. परत लावला, कट केला. शेवटी शुभदाला म्हटलं, मी अण्णांची चालती गाडी मोडली. त्यांचं शेवटचं एक मागणं होतं, तेही मला पुरवता आलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, मी सांगते त्यांना. हॉलवर जायला गाडी बुक आहे.

मी विचारलं, कधी बुक केलीस. म्हणाली, नवरात्रात.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी

अण्णा पांढऱ्या टॅक्सीतून आले. मागच्या सीटवर, शुभदा आणि हेमाच्या मध्ये. हातमोजे घातले नव्हते. दारातले मित्र गाडी कुठे म्हणून रस्त्याकडे बघत राहिले. मी मंडपाच्या खांबामागे उभा होतो.

एक्याऐंशी दिव्यांचं तबक करून लेकींनी औक्षण केलं. दिवे अगदी डोळ्यांसमोर आले तेव्हा अण्णांनी थोडी मान वळवून कोपऱ्यातून बघितलं. जेवणं झाल्यावर मला बाजूला बोलावलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर हात धरून बसवलं.

म्हणाले, केदारराव, माझ्या डोळ्यांत मधोमध डाग आलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. मागच्या मार्चमध्ये गोखले रोडला शाळेतल्या मुलांची रांग मला दिसलीच नाही. लोक ओरडले म्हणून वळवली, दुकानाच्या पायरीवर चढवली. खांब वगैरे काही नाही. त्या दिवशीच ठरवलं की बास. पण स्वतःच्या हाताने ती विकवेना. गॅरेजमध्ये चालू ठेवली असती, तर मी बसलोच असतो. म्हणून तुमच्याकडे दिली.

मी विचारलं, माझ्याकडेच का. ते प्रेमाने माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला बघत राहिले. म्हणाले, मनाला खात्री होती. मग म्हणाले, शुभदाला यातलं काही सांगू नका. घाबरेल पोरगी. तिला वाटतं, मला अजून नीट दिसतं. आणि फोनवर मी विचारत असायचो, ते मनापासूनच विचारायचो हो. हातमोजेही खरेच काढले होते.

घरी आल्यावर शुभदाने चहा केला. समोर बसली आणि म्हणाली, तुम्हाला एक सांगायचंय, पण अण्णांना कळू देऊ नका. त्यांच्या डोळ्यांचे रिपोर्ट तिच्याकडे होते. गोखले रोडचा प्रकारही तिला एका मैत्रिणीकडून कळला होता. किल्ली काढून घेतली असती तर अण्णा खचले असते. म्हणून तिने गाडी आमच्याकडे आणवली. तुमच्याकडे आली की परत रस्त्यावर जाणार नाही, एवढं मला माहीत होतं, म्हणाली. मग मध्येच तो मितेश आला. तेव्हा ती घाबरली. भरलेल्या डब्या तिनेच लेबलं काढून हेमापुढे ठेवल्या. वाण दिलं की परत येत नाही.

म्हणाली, रागावलात?

रागवायला हवं होतं. मी विचार करत होतो. बाप आणि लेक, एकमेकांना न सांगता, एकाच कामासाठी माणूस शोधत होते, आणि दोघांनाही मीच सुचलो. कंपनीत एकतीस वर्षांत माझ्यावर इतका पूर्ण विश्वास कोणी टाकला नव्हता. हे लिहिताना हसू येतंय आणि रडूही येतंय. चहा गार झाला.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाला खाली गेलेलो. अण्णांचा फोन आला. विचारत होते, कुठवर आलं. मी म्हटलं, चालू आहे अण्णा, थोडा वेळ लागेल. बरं बरं, म्हणाले.

दुपारी मितेशचा फोन. काका, गुड न्यूज, इंग्लंडमध्ये एका माणसाकडे सगळे पार्ट रेडी पडलेत. मार्चपर्यंत येतात. गाडी उचलू का?

मी म्हटलं, नको रे. मीच करणार आहे.